ओएईत डाव्या कानाला ‘रेफर’ आलं आणि बाळ चिपळूणला निघालंय

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही निसटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये सिझर होऊन मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, वजन चांगलं. जन्मून वीसेक तास झाले असताना कानाची ओएई चाचणी झाली. उजव्या कानाला ‘पास’, डाव्याला ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा. घरी सोडायच्या आदल्या दिवशी पुन्हा केली, तेच आलं. मधे एक दिवस काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डिस्चार्ज कार्डावर ‘एक महिन्याने फेरतपासणी’ एवढंच लिहिलंय. आज बाळ नऊ दिवसांचं आहे, बाराव्याला बारसं आणि मग मायलेकी तीन महिन्यांसाठी चिपळूणला. सासूबाईंनी स्टीलचं ताट वाजवून पाहिलं, बाळ दचकलं, त्यामुळे घरातले सगळे निश्चिंत, तुम्ही सोडून. एक मित्र म्हणतो थेट बेरा (कानाकडून मेंदूकडे संदेश जातो का ते पाहणारी मोठी चाचणी) करून टाका, दुसरा म्हणतो सहा महिने हात लावू नका. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की तुमची एक चुलत आत्या लहानपणापासून ऐकत-बोलत नाही.

मुलीला ऐकू येतं की नाही, हे तुम्ही विचारलंय. आज त्याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही आणि आजच्या आज ते मिळालं नाही म्हणून काही बिघडतही नाही. तुमची खरी अडचण तारखांची आहे. महिन्याने फेरतपासणी असं कार्डावर आहे, पण महिन्याने बाळ चिपळुणात असेल. तिथून ‘आता एवढ्यासाठी कुठे प्रवास, आल्यावर बघू’ असं होणार आणि आल्यावर बाळ साडेतीन महिन्यांचं असेल. आधी पालिकेच्या रुग्णालयात आणि आता दादरला स्वतःच्या क्लिनिकमध्ये मी हेच सतत पाहत आले आहे. चाचणी झालेली असते, कागद फाइलमध्ये असतो, फक्त फेरतपासणी राहून गेलेली असते.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. फेरतपासणी महिन्यावर ठेवू नका. बारसं उरकलं की लगेच, बाळ चौदा ते सोळा दिवसांचं असताना मुंबईतच करून घ्या आणि त्याचा निकाल हातात आल्यावरच चिपळूणचं तिकीट काढा. एवढी घाई का, ते पुढे सांगते.

ओएईचं यंत्र बाळाला ऐकू येतं का हे मोजतच नाही. कानाच्या आतल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, बाह्य केशपेशींच्या तीन रांगा असतात. आवाज आत गेला की या पेशी हलतात आणि स्वतःचा एक अतिशय बारीक आवाज बाहेर सोडतात. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा आवाज मोजून दाखवला आणि नवजात बाळांच्या चाचणीचा पाया त्यातून पडला. कानात बसवलेल्या प्रोबमध्ये एक छोटा स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. स्पीकर टकटक आवाज करतो, मायक्रोफोन पेशींचं उत्तर ऐकतो. उत्तर पुरेसं मिळालं तर ‘पास’, नाही तर ‘रेफर’. बाळाला काही करावं लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होतं.

आता हा बारीक आवाज आतून बाहेर येताना मधल्या कानातून आणि कानाच्या नळीतून येतो. नवजात बाळाच्या नळीत जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर असतो आणि मधल्या कानात द्रव असू शकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तो हळूहळू निघून जातो. सिझरच्या बाळांत सुरुवातीला ‘रेफर’चं प्रमाण जास्त दिसतं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. त्यात बाळ रडत असेल, प्रोब नीट बसला नसेल, शेजारच्या खाटेवर पाहुण्यांचा गलका असेल, तरी यंत्राला उत्तर ऐकू येत नाही. वीस तासांच्या सिझरच्या बाळाचा ‘रेफर’ मी फार मनावर घेत नाही. दुसऱ्यांदाही तोच कान राहिला, याकडे मात्र थोडं जास्त लक्ष देते. तरीही तेवढ्यावरून काही ठरवत नाही.

थोडा हिशेब मांडू. जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजारात एक ते तीन बाळांना असतो. पहिल्या दोन दिवसांत ओएई केली तर शंभरात पाच ते वीस बाळं ‘रेफर’ होऊ शकतात. यंत्र, जागा आणि चाचणी करणाऱ्याचा हात यावर हा आकडा बराच हलतो. दहा धरले तर हजारात शंभर ‘रेफर’ आणि त्यांत खरा दोष दोघा-तिघांना. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाजूने पारडं जड आहे, हे नक्की. पण उरलेल्या नव्वदांहून जास्त घरांना हेच सांगितलं जातं, ‘काही नसतं हो, मशीनचं असतं’, आणि त्या दोघा-तिघांच्या घरीही तेच सांगितलं जातं. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते बहुतेक वेळा खरं ठरतं, म्हणून कुणी ते तपासायला जात नाही.

सासूबाईंच्या ताटाकडे वळते, कारण घरात तुम्ही एकटे पडला आहात ते त्या ताटामुळे. स्टीलचं ताट जवळून वाजवलं तर तो आवाज खूप मोठा असतो. मध्यम श्रवणदोष असलेलं बाळही त्याला दचकू शकतं. शिवाय तुमच्या मुलीचा उजवा कान ‘पास’ आहे. डाव्या बाजूला वाजवलं तरी आवाज उजव्या कानात जातोच. हात हलला की हवा हलते, सावली पडते, पाळणा हादरतो, बाळ त्यालाही दचकतं. कुकरची शिट्टी, टाळ्या, दाराची कडी, सगळ्यांचं तेच. या घरगुती परीक्षेत नापास झालेलं बाळ लगेच दाखवावं, पण पास झालं म्हणून चाचणी टाळू नये. सासूबाईंना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. ‘मोठा आवाज ऐकू येतो हे तुम्ही पाहिलंत, आता बारीक आवाज मशीनवर पाहून घेऊ’, असं म्हणा. माझ्या अनुभवात आज्या यावर हरकत घेत नाहीत. उलट फेरतपासणीला बाळाला मांडीवर झोपवून ठेवायचं काम त्याच सगळ्यांत चांगलं करतात.

आता चौदा-सोळा दिवसांचा आग्रह का.

पहिलं कारण साधं आहे. दोन आठवड्यांत नळी आणि मधला कान बहुतेक बाळांत मोकळे झालेले असतात, म्हणजे खोटा ‘रेफर’ यायची शक्यता बरीच कमी होते. आणि या वयात बाळ दिवसभर झोपतं. झोपलेल्या बाळाची चाचणी म्हणजे आमचं निम्मं काम झालं.

दुसरं कारण डिस्चार्ज कार्डावर सहसा लिहिलेलं नसतं. आनुवंशिक कारणं सोडली तर जन्मजात श्रवणदोषाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस, सीएमव्ही. आईला गरोदरपणी त्याचा संसर्ग झाला तर ताप-बीप काही न येताही तो बाळापर्यंत पोहोचू शकतो. बाळ दिसायला ठणठणीत असतं आणि दोष एका कानापासून सुरू होऊन पुढे वाढू शकतो. हा विषाणू पोटात असतानाच लागला होता का, हे लघवीच्या किंवा लाळेच्या तपासणीतून कळतं, पण नमुना जन्मापासून २१ दिवसांच्या आत घेतला तरच. त्यानंतर विषाणू सापडला, तर तो पोटात लागला की जन्मानंतर दुधातून किंवा इतर कुठून, हे सांगता येत नाही. काही बाळांना पहिल्या महिन्यात औषध सुरू करता येतं. कोणाला द्यावं याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही, विशेषतः श्रवणदोषाशिवाय दुसरं काही लक्षण नसेल तेव्हा, आणि तो निर्णय तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा आहे. मी सांगते ते एवढंच की तो निर्णय घ्यायला त्यांच्या हातात वेळ हवा. पंधराव्या दिवशी पुन्हा ‘रेफर’ आलं तर सहा दिवस उरतात. महिन्याने आलं तर ही वाट बंद झालेली असते.

आपल्याकडे प्रत्येक ‘रेफर’ बाळाची सीएमव्ही तपासणी होत नाही, तशी सक्ती नाही आणि काही डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणतील. बाकी बाळ कसं आहे, गरोदरपणात काय घडलं, सोनोग्राफीत काय दिसलं, यावर ते अवलंबून असतं. तुम्ही प्रश्न विचारा, हट्ट धरू नका.

फेरतपासणीला जाताना काय करायचं ते सांगते, कारण यात अर्धे निकाल बिघडतात. मालिशवाल्या बाईंना आत्ताच सांगून ठेवा की कानात तेल सोडायचं नाही. टाळूला लावा, अंगाला लावा, पण कानात नको. तेलाचा एक थेंब नळीत साचला की प्रोबची छिद्रं बुजतात आणि चांगला कानही ‘रेफर’ होतो. तसंही बाळाच्या कानात तेल घालायचं काहीच कारण नाही. कान टोचायचे असतील तर चाचणीनंतर टोचा. टोचल्याने ऐकण्यावर परिणाम होत नाही, पण दुखऱ्या पाळीला हात लागला की बाळ उठतं. वेळ अशी घ्या की निघण्याआधी आंघोळ-मालिश झालेली असेल आणि दूध तिथे पोहोचल्यावर पाजता येईल. भुकेलेलं बाळ घेऊन जायचं, तिथे पाजायचं, ढेकर काढायचा, दुपट्यात गुंडाळायचं. दहा मिनिटांत झोपतं. मुलुंडहून रिक्षात झोपवत आणलं तर नेमकं दारात जागं होतं, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

चाचणी दोन्ही कानांची करून घ्या. ‘उजवा झालाय, डावाच बघू’ असं म्हणतील, तरी दोन्ही. आणि एका बैठकीत एका कानाला एक-दोन नीट प्रयत्न झाले की थांबायला सांगा. काही ठिकाणी ‘पास’ येईपर्यंत पाच-सहा वेळा बटण दाबत राहतात. पुन्हा पुन्हा केलं की एकदा नुसत्या योगायोगानेही ‘पास’ येऊ शकतं, आणि असा ‘पास’ घरी न्यायला बरा वाटला तरी त्याचा उपयोग नाही.

सव्वा महिन्याचा प्रश्न येईल. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही असं तुमच्या घरी असेल, शिवाय टाके आहेत. मुंबईत काही ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, हातात मावणारं ओएई यंत्र घेऊन घरी येतात. ज्या घरात एक शांत खोली आहे तिथे हे चांगलं जमतं. पंखा बंद, मोबाइल बाहेर, मिक्सर नको. तरी मला स्वतःला क्लिनिकमधली चाचणी जास्त आवडते, कारण तिथे एएबीआरसुद्धा करता येते.

हा एएबीआर प्रकार तुमच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे. ओएई फक्त शंखातल्या पेशींपर्यंतचं सांगते. दाराची बेल वाजते आहे एवढं तिने कळतं, आत कुणी उठलं का ते कळत नाही. कानाकडून मेंदूच्या देठापर्यंत संदेश पोहोचतोय का हे एएबीआर पाहते, कपाळाला आणि कानामागे चिकटवलेल्या पट्ट्यांवरून. काही बाळांत पेशी ठीक असतात पण नसेतून संदेश नीट जात नाही. त्याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. अशा बाळाची ओएई ‘पास’ येते आणि घरचे निर्धास्त होतात. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाच दिवसांहून जास्त राहिलेली बाळं, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं अशी बाळं, जन्मताना श्वास कोंडलेली बाळं, यांना हा धोका जास्त. म्हणून एनआयसीयूच्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, एएबीआर हवीच. तुमच्या मुलीची कावीळ एका दिवसाच्या दिव्याने उतरली, त्यामुळे तिच्यासाठी हे कारण लागू नाही. तरी फेरतपासणीत दोन्ही चाचण्या एकाच झोपेत होत असतील तर करून घ्या. डिस्चार्ज कार्डावर जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही कानाला अपाय करू शकणारी इंजेक्शनं पाच दिवसांहून जास्त दिल्याची नोंद आहे का, तेही पाहून ठेवा. असेल तर ऑडिओलॉजिस्टला सांगा.

मित्राचा ‘थेट बेरा’चा सल्ला मी आज देणार नाही. एक तर एएबीआरलाच काही ठिकाणी ‘बेरा स्क्रीनिंग’ म्हणतात. त्याचा निकालही ‘पास’ किंवा ‘रेफर’ असाच असतो, त्यामुळे मित्राने नक्की काय करून घेतलं होतं ते विचारा. खरी निदानाची बेरा वेगळी. तिला तास-दोन तास लागतात. आवाज हळूहळू कमी करत प्रत्येक कानाची पातळी शोधायची असते. मधल्या कानात द्रव असेल तर तिचे आकडेही बिघडतात. फेरतपासणीत ‘रेफर’ आलं तरच ती करायची, आणि साधारण सहा आठवडे ते तीन महिने या वयात.

सहा महिने थांबा म्हणणाऱ्या मित्राचं मात्र मुळीच ऐकू नका. दोन महिन्यांचं बाळ दूध पिऊन आपोआप झोपतं आणि बेरा औषधाशिवाय होते. सहा महिन्यांचं बाळ पट्ट्या चिकटवताना जागं होतं, त्या ओढून काढतं आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं सिरप द्यावं लागतं, तारीख पुढे ढकलावी लागते. याहून मोठं कारण भाषेचं आहे. जगभर जी मोजपट्टी वापरतात ती अशी: एक महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होते. आमच्याकडे मूल येतं ते बहुतेक दोन-अडीच वर्षांचं, ‘बोलत नाही’ म्हणून. तोवर घरात कुणीतरी ‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘याचा काकाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ असं सांगितलेलं असतं. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं, हसतं. त्यामुळे घरच्यांना कळत नाही, यात त्यांचा दोष नसतो.

आता तुमच्या आत्यांविषयी. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मला मात्र ते सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टींमध्ये धरावंसं वाटतं. चुलत आत्या म्हणजे नातं थोडं लांबचं आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण घरातल्या मोठ्यांना नीट विचारा. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं का, की आधी बोलायच्या आणि मग बंद झालं? बहुतेक घरांत ‘ताप आला आणि कान गेले’ अशी हकिगत असते. मेंदूज्वरामुळे असं खरंच होतं. पण जे मूल जन्मतःच ऐकत नव्हतं त्याचंही बोलणं राहिलं की घरचे मागे वळून एखादा ताप, एखादं पडणं शोधून काढतात, कारण काहीतरी कारण हवं असतं. घराण्यात आणखी कुणी आहे का, तुमचं लग्न नात्यात झालंय का, मामाची मुलगी वगैरे, हेही ऑडिओलॉजिस्टला सांगा. ते लाजायचं कारण नाही. जन्मजात बहिरेपणाचे बरेच आनुवंशिक प्रकार असे असतात की आई-वडील दोघांनाही उत्तम ऐकू येतं, दोघांकडून एकेक बदललेलं जनुक बाळाकडे येतं आणि मग ते दिसतं. भारतात यात कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाचं जनुक वारंवार सापडतं.

या आत्यांमुळे माझा सल्ला इतका बदलतो: पंधराव्या दिवशी दोन्ही कान ‘पास’ आले तरी मुलगी नऊ महिन्यांची होईपर्यंत एकदा सविस्तर श्रवणतपासणी करून घ्या. काही आनुवंशिक दोष जन्माच्या वेळी नसतात, नंतर उतरतात. दुसऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता आणि घराण्यात कुणी नसतं, तर ‘पास’नंतर मी त्यांना फक्त बोलण्याच्या टप्प्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं असतं.

फेरतपासणीत पुन्हा ‘रेफर’ आलं तर? तरीही चिपळूणला जाऊ द्या. आईला माहेरची गरज आहे आणि बाळाला आईची. पण निघण्याआधी दोन गोष्टी करा. बालरोगतज्ज्ञांशी सीएमव्हीबद्दल बोला, आणि बेराची तारीख पक्की करून घ्या, बाळ सहा ते आठ आठवड्यांचं होईल तेव्हाची. त्यासाठी एकदा मुंबईला यावं लागेल. मांडवी एक्स्प्रेसने या, गाडीने या, पण ती तारीख सोडू नका. एक रात्र राहायची तयारी ठेवा, कारण बाळ पहिल्या दिवशी झोपलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसता येतं. रत्नागिरीत किंवा चिपळूणमध्ये जवळ सोय आहे का ते जरूर शोधा. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे, आणि त्याची जिल्हा पातळीवरची केंद्रं असतात. तिथे बेरा होते का, लहान बाळाची होते का आणि करणारे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले ऑडिओलॉजिस्ट आहेत का, हे फोनवर विचारून मगच ठरवा.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. नायर आणि सायन रुग्णालयांत ऑडिओलॉजीचे विभाग आहेत, तिथे या विषयाचं शिक्षणही दिलं जातं. सरकारी आणि पालिकेच्या ठिकाणी खर्च कमी, पण तारीख लांबची मिळू शकते, म्हणून केसपेपर आत्ताच काढून ठेवलेला बरा. खासगीत तारीख लवकर मिळते, पैसे जास्त लागतात. दोन्हीकडे काम चांगलंही होतं आणि घाईचंही होतं. बेराचा रिपोर्ट हातात आला की एवढं पाहा: दोन्ही कानांची पातळी आकड्यांत लिहिली आहे का, फक्त ‘क्लिक’ आवाजावर केलीय की वेगवेगळ्या स्वरांवरही, आणि मधल्या कानाची टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, आत द्रव आहे का हे पाहणारी चाचणी) १००० हर्ट्झच्या स्वरावर झालीय का. नेहमीचा २२६ हर्ट्झचा स्वर सहा महिन्यांखालच्या बाळात फसवतो, कान भरलेला असूनही आलेख ठीक दाखवतो. ‘बेरा नॉर्मल’ अशी एक ओळ लिहिलेला कागद मिळाला तर बाकीचे आकडे मागून घ्या, ते तुमच्या हक्काचे आहेत.

एक कान चालतोय तर दुसऱ्याचं एवढं काय, असंही तुम्हाला कुणीतरी म्हणणार. एका कानाने भाषा येते, हे खरं. पण आवाज कुठून आला ते कळायला दोन कान लागतात, आणि गोंगाटात बोलणं समजायलाही. मुंबईतली साठ मुलांची शाळेची खोली, रस्त्याकडच्या खिडक्या, वर पंखे, अशा ठिकाणी एका कानाच्या मुलाला बाई काय म्हणाल्या ते अर्धंच कळतं आणि सगळे म्हणतात लक्ष नाही. शिवाय एका कानाचा दोष काही मुलांत पुढे दुसऱ्या कानातही उतरतो, म्हणून त्या चांगल्या कानावर ठरावीक महिन्यांनी नजर ठेवावी लागते. एका कानासाठी श्रवणयंत्र द्यायचं का आणि कधी, हे दोष किती आहे त्यावर ठरतं. आज त्यात शिरत नाही.

दोन्ही कानांत मोठा दोष निघाला तर काय, हे वाचून झोप उडवून घेऊ नका, पण माहीत असावं म्हणून लिहिते. दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र बसवता येतं. कान वाढतो तसे साचे बदलत राहावे लागतात. यंत्रांचा पुरेसा उपयोग होत नसेल तर वर्षाच्या आसपास कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो आणि पात्र कुटुंबांना केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून मदत मिळते. त्यातलं इम्प्लांटचं काम अली यावर जंग संस्थेतूनच चालतं. इम्प्लांटनंतर वर्षानुवर्षं थेरपी असते, तिथेच खरं काम होतं. पण हा सगळा रस्ता बेरानंतरचा आहे आणि तुम्ही अजून फेरतपासणीच्याही अलीकडे आहात.

बारशाला स्पीकर लावायचा बेत असेल तर तो बाळाच्या पाळण्यापासून लांब ठेवा. पाळणा म्हणायला माईक लागत नाही, बायका पुरेशा मोठ्याने म्हणतात. आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशीच फेरतपासणीची वेळ घेऊ नका, घर दमलेलं असतं, बाळही चिडचिडं असतं. एक दिवस जाऊ द्या. चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशी सकाळी दहा-अकराची वेळ मागा आणि आज संध्याकाळीच फोन करा, कारण शनिवार-रविवार आडवा आला तर तुमचे दोन दिवस तिथेच जातील.